अकरावं पिल्लू

गोजरबाईनं बसवलेलं अंडं वाया गेलं असं त्या गावात कुणी म्हटलं असतं, तर म्हणणाऱ्यालाच डोकं तपासायला मेहकरला नेलं असतं. कोंबडी खुडुक झाली, म्हणजे अंडी द्यायची थांबून पंख फुगवून एका जागी बसून राहिली, की बाया तिला काखेत मारून आणि पदरात अंडी घेऊन गोजरबाईच्या दारात यायच्या. गोजरबाई एकेक अंडं उन्हाकडे धरून पाहायची आणि दोन-चार नाक मुरडून बाजूला काढायची. मग टोपल्यात राख आणि सोयाबीनच्या मळणीतलं कुटार पसरायची, वर वीज कडाडली तरी अंड्यांना धक्का लागू नये म्हणून त्यात लोखंडाचा एक खिळा ठेवायची, आणि कोंबडीला अशी बसवायची, की तिलाही आपण पाटावर बसलो असं वाटावं. एकविसाव्या दिवशी टोपलं चिवचिवायचं. चाळीस वर्षांत हा मान कुणी तिच्याकडून घेतला नव्हता, मागायची हिंमतही कुणाला झाली नव्हती. तिच्या मते गावात दोनच गोष्टी वेळेवर व्हायच्या, सूर्य उगवणं आणि तिची अंडी फुटणं. त्यातही पावसाळ्यात सूर्याचा भरवसा नसायचा.

म्हणून बचत गटाच्या बैठकीत ती मध्येच बोलली ते कुणाला खटकलं नाही. खटकलं फक्त तानाबाईला. पण तानाबाईला गोजरबाईचं श्वास घेणंही खटकायचं.

गटात आठ जणी. मागच्या वर्षी त्यांनी मिळून एका दिवसाची दोनशे पिल्लं आणली होती. पहिले तीन आठवडे सगळी एका जागी उबेत ठेवायची आणि जरा धड झाली की प्रत्येकीनं पंचवीस-पंचवीस घरी न्यायची, असं ठरलं होतं. ठेवली कोकिळाच्या पत्र्याच्या खोलीत. पौषाची थंडी, पत्रा रात्रीचा बर्फासारखा. पिल्लं ऊब शोधत एकमेकांवर चढली, खालची दबून गेली. तीन आठवड्यांनी शहाऐंशी उरली. त्या दिवसापासून कोकिळा बैठकीत पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायची.

यंदा पुन्हा पिल्लं यायची होती आणि ठेवायची कुठं हे ठरत नव्हतं. गोजरबाई गटात नव्हती, तिची सून वैष्णवी होती. गोजरबाई आपली नातीला, पुष्पांजलीला, मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली की माझ्या घरची मागची खोली मातीची आहे, दीड हात जाडीची भिंत आहे, तिथं ठेवा. पिल्लं जगवणं काय असतं ते गावानं एकदा बघावं.

"अन् मेली तं?" तानाबाईनं विचारलं.

गोजरबाईनं नातीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात वर केले. "इकडं पाह्य. दहा बोटं हायेत मले. तेवढी गेली तं देवाची. अकरावं पिल्लू मेलं, तं त्या दिवसापासून खुडुक बसवनं सोडलं मी. टोपलं अन् खिळा तुह्या दारात आनून ठेवीन. मंग तू बसवजो."

शब्द देऊन झाला होता, आणि गोजरबाईचा शब्द म्हणजे खोडावर घातलेला कुऱ्हाडीचा घाव. तो काही परत भरून येत नाही.

वैष्णवीनं घरी येताच वही काढली. ती शेगावकडची, बारावी झालेली. बुलढाण्याला तीन दिवसांचं कुक्कुटपालनाचं शिक्षण घेऊन आली होती, आणि तिथं सांगितलेलं सगळं तिनं एका वहीत उतरवून घेतलं होतं. गोजरबाईचं त्या शिक्षणाबद्दल मत असं होतं, की तीन दिवसांत कोंबडीसुद्धा अंड्यावर नीट टेकत नाही, माणूस काय शिकणार. सून वाईट नव्हती. कामाला वाघीण होती, उलट बोलत नव्हती. पण उलट न बोलणारी माणसं मनात काय बोलतात ते कळत नाही, एवढी एक गोष्ट गोजरबाईला टोचायची.

मुलगा गोपाल यानं पुढं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा सगळं जुनं पाडलं होतं, ही एक मागची खोली सोडून. ती गोजरबाईनं पाडू दिली नाही. धान्याची पोती तिथंच राहायची आणि घरातलं प्रत्येक बाळंतपणही तिथंच व्हायचं. गोजरबाईची तिन्ही लेकरं तिथली. मागच्या वर्षी वैष्णवीनं पुष्पांजलीला घेऊन सव्वा महिना तिथंच काढला होता.

वैष्णवीनं पोती हलवली, खोली चुन्यानं पोतारली. गोपालनं पत्र्याची पट्टी वाकवून गुडघ्याएवढ्या उंचीचं गोल कडं केलं. आत लाकडाचा भुसा, वर पेपर. चार घमेली उलटी टांगून त्यांच्या पोटात चार पिवळे बल्ब लावले, आणि दोरी आढ्यावरून अशी घेतली की घमेली वर-खाली करता यावीत. थर्मामीटर तिनं कड्याच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून चार बोटांवर बांधलं. गोजरबाई दारात उभी राहून हे बघत होती. तिनं एवढंच विचारलं की एवढ्या खाली बांधलेलं वाचायला काय आता उंदीर बोलवायचे. वैष्णवी हसली. म्हणाली, पिल्लू जिथं बसतं तिथली ऊब मोजायची, आपण उभे राहतो तिथली नाही.

मंगळवारी सकाळी भोकं पाडलेल्या खोक्यांतून पिल्लं आली. वैष्णवीनं एकेक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच गुळाच्या पाण्यात बुडवली आणि खाली सोडलं. बरोबर दोनशे. थोड्या वेळानं ती पेपरावर सगळीकडे सारखी पसरली. कुणी टिपत होतं, कुणी पाय ताणून झोपलं होतं. सगळ्या खोलीभर नुसती बारीक कुजबुज चालली होती. बल्बच्या उजेडात हळदीत लोळवल्यासारखी दिसत होती ती. गोजरबाईला ते दृश्य आवडलं, पण सांगितलं नाही. तिच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती. दोनशे लेकरं, आणि त्यात आई एक नाही.

बुधवारी पुष्पांजलीच्या लशीचा दिवस होता. वैष्णवीला मेहकरला जाणं भाग होतं. निघताना तिनं सासूला सांगितलं, की आकडा चौतीसच्या आसपास पाहिजे. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर दोरी सोडून घमेलं खाली घ्या, बल्बपासून लांब पळाली तर वर ओढा. गोजरबाईनं ऐकलं आणि म्हटलं, "मले शिकवून राह्यली काय वं? तुह्या नवऱ्याले अंघोळ घालायची तेव्हा मी कोपरानं पानी पाहो. आजलोक भाजला नाई तो."

गाडी वळणाआड गेली आणि गोजरबाई खोलीत आली. पहिली गोष्ट तिला दिसली ती ही, की दोन पिल्लं थर्मामीटरवर टोचा मारत होती. काच फुटायची आणि एखाद्याच्या पोटात जायची. तिनं दोरा सोडला आणि ते दाराजवळच्या खिळ्याला, तिच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल असं अडकवलं. अक्षरं तिला अडायची, आकडे अडत नव्हते. घटकाभरानं बघितलं तर आकडा चोवीसवर.

सून चौतीस म्हणून गेली होती. दहानं कमी. एरवी गोजरबाईनं काचेच्या नळीवर विश्वास ठेवला नसता, पण आज नळी तिच्या मनातलंच बोलत होती. बाहेर वारं सुटलं होतं. आई नसलेली लेकरं, दोन दिवसांची, आणि चार बल्बांच्या भरवशावर.

मग तिनं तेच केलं जे त्या खोलीत कायम केलं होतं. दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. झरोक्यात गोधडी खुपसली. कड्यावर दोन गोधड्या घातल्या, एक फट ठेवली नाही. शेगडीत गोवरीचे निखारे घालून ती आत आणून ठेवली आणि वर चिमूटभर ओवा टाकला. बाळंतिणीची खोली करावी तशी खोली केली. दार ओढून घेतलं आणि ओट्यावर सुपात तूर निवडत बसली.

हळूहळू आतली चिवचिव कमी झाली. नवरा उत्तमराव खाटेवर बसून होते. ती त्यांना म्हणाली की बघा, कशी झोपली, एक आवाज नाही. उत्तमरावांना लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून एका कानानं कमी ऐकू यायचं, आणि गोजरबाई कुठल्याही बाजूला बसली तरी तो तिच्याच बाजूचा कान असायचा. ते हं म्हणाले.

चार वाजता वैष्णवी आली. दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तसा वाफारा तिच्या अंगावर आला. तिनं पुष्पांजलीला सासूच्या हातात दिलं, गोधड्या ओढून फेकल्या, झरोका मोकळा केला, पदरानं धरून शेगडी अंगणात नेली, दोरी खेचून घमेली पार वर घेतली.

गोजरबाईनं आत पाहिलं. बल्बखालचा सगळा पेपर मोकळा होता. पिल्लं कड्याच्या पत्र्याला चिकटून उभी होती, बल्बकडे पाठ करून. पंख अंगापासून लांब सोडलेले, चोची उघड्या, गळे धापत होते. सहा आडवी पडली होती. वैष्णवी एकेकाची चोच गार पाण्यात बुडवत होती. आडव्या पडलेल्यांपैकी एकानंही पाणी घेतलं नाही.

असे सोडलेले पंख गोजरबाईनं कितीदा बघितले होते. वैशाखातल्या दुपारी तिच्याच अंगणात. तेव्हा कोंबडी काय करते, तर पिल्लांवरून उठून उभी राहते, पंख उचलते, खालून वारं जाऊ देते. गार वाटलं की पुन्हा बसते. दिवसातून शंभर वेळा ऊठ-बस करते. ती कोंबडीला कुणी शिकवावी लागत नाही, आणि गोजरबाईनं कधी शिकवली नव्हती. तिनं अंडी बसवली होती, टोपलं बांधलं होतं, खिळा ठेवला होता. पिल्लं सांभाळली होती ती कोंबड्यांनी. चाळीस वर्षं राबल्या कोंबड्या, आणि नाव झालं गोजरबाईचं.

"काऊन अशी झाली वं?" ती म्हणाली. उत्तर तिला ठाऊक होतं, पण काहीतरी म्हणणं भाग होतं.

वैष्णवीनं हातातलं पिल्लू खाली सोडलं. मग, आजवर कधी बोलली नव्हती तशी, सरळ सासूकडे बघून बोलली. "आत्याबाई, ह्या खोलीत मी सव्वा महिना काढला. हीच शेगडी, हीच गोधडी झरोक्यात. चैत्राचा महिना होता. मले श्वास पुरत नव्हता. मी बी अशीच बाजंच्या कडेले सरको, भिंतीले गाल लावून निजो. भिंत तेवढी गार होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमच्या हाताले गावात कोनी नाव ठेवत नाई. म्या कसं ठेवावं?"

गोजरबाईनं नातीला सुनेच्या हातात दिलं, सहा पिल्लं सुपात घेतली आणि परसात लिंबाखाली खड्डा करून स्वतः पुरली. परत येताना तिनं एका हाताची पाच बोटं मिटली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मिटला. चार उरली होती. पिल्लं अजून दोन दिवसांची होती आणि एकोणीस दिवस जायचे होते.

तिनं माफी मागितली नाही. तिला ती मागता येत नव्हती, जशी काही जणांना शीळ वाजवता येत नाही. तिनं दाराजवळच्या खिळ्यावरचं थर्मामीटर काढलं, कड्यापाशी मांडी घालून बसली आणि विचारलं, "कुठं बांधलं होतं हे?" वैष्णवीनं चार बोटं दाखवली. गोजरबाईनं ते स्वतः बांधलं. मग हात टेकून, गुडघ्यांना शिव्या देत, जमिनीवर कुशीवर आडवी झाली आणि डोळे पिल्लांच्या डोळ्यांसमोर आणले. दाराशी उभी असताना न लागलेली झळ आता तिच्या गालाला लागत होती. बराच वेळ तशीच पडून होती. गोपाल कामावरून आला आणि आईला भुईवर आडवी बघून घाबरला. तिनं न उठताच त्याला सांगितलं, की मी मेले नाही, तू चपला बाहेर काढ.

त्यानंतर ती खोली तिची झाली. वैष्णवी आकडा बघायची, गोजरबाई पिल्लं बघायची, आणि दोघींचं जमलं की दोरी हलायची. काच सांगते तेच पिल्लं सांगतात, फक्त आधी सांगतात, असा गोजरबाईचा दावा होता. थंडी वाजली की आवाज उंच, टोकदार, रडका. ऊब नीट असली की बारीक पुटपुट, जेवणावळीत पहिली पंगत बसल्यावर असते तशी. पाचव्या दिवशी सगळी पिल्लं एकाच बाजूला गोळा झालेली तिला दिसली. आकडा बरोबर होता. वैष्णवीनं वही उघडली. गोजरबाईनं ओलं केलेलं बोट पत्र्याच्या कडेनं फिरवलं, आणि दुसऱ्या बाजूला भिंतीच्या बुडाशी घुशीचं बीळ काढून दाखवलं. तिथून वारं येत होतं. चिखल-कुटारानं ते लिंपलं आणि घटकाभरात पिल्लं पुन्हा पसरली. वैष्णवीनं ते वहीत लिहून घेतलं. गोजरबाईनं लिहिताना बघितलं आणि दिवसभर कुणाला टोमणा मारला नाही. पायानं अधू असलेलं एक पिल्लू तेवढं त्या आठवड्यात गेलं. सात बोटं मिटली.

नवव्या दिवशी संध्याकाळी गावाची डीपी जळाली. खांबावर एक मोठा आवाज झाला, धूर निघाला, आणि चारही घमेल्यांतला उजेड गेला. नवीन डीपी बसायला दोन दिवस लागतील असं कळलं. वैष्णवी वही घेऊन उभी होती, पण वहीत डीपी जळाल्यावरचं पान नव्हतं. आकडा एकतीसवरून सत्तावीसवर आला आणि पिल्लांचा आवाज चढायला लागला.

उत्तमराव शेगडी घेऊन आले, बिचारे चांगल्या मनानं. गोजरबाईनं त्यांना दारातच अडवलं. "शेगडी आत येनार नाई. कोंबडी कधी खोली तापवते काय? ती स्वतः तापते. बसलेल्यालेच ऊब देते, बाकी खोली गार ठेवते."

आणि मग तिनं दोनशे पिल्लांसाठी कोंबड्या बनवल्या. आठ मातीची गाडगी घेतली, त्यांत चुलीवरचं कढत पाणी भरलं, तोंडं झाकून बांधली. पेटीच्या तळातून स्वतःची जुनी लुगडी काढली आणि प्रत्येक गाडग्याला दोन-दोन पदर गुंडाळले, हाताला चटका बसणार नाही पण ऊब जाणवेल इतके. वरून लुगड्याच्या चिंध्या सोडल्या, पंखांसारख्या लोंबत्या, जमिनीला टेकणाऱ्या. त्यांतली चार कड्यात जागोजागी ठेवली. आधी पिल्लं लांब झाली. मग एकानं चिंधीत डोकं घातलं. मग दुसऱ्यानं. थोड्या वेळात प्रत्येक गाडग्याभोवती, चिंध्यांच्या आत, पिवळ्या पाठींची रांग लागली आणि आवाज खाली आला.

कड्यावर गोधडी घालायची वेळ आली तेव्हा गोजरबाईनं ती हातात धरली आणि सुनेकडे बघितलं. वैष्णवी म्हणाली, एका बाजूनं वीतभर उघडी ठेवू. गोजरबाईनं वीत मोजून उघडी ठेवली. झरोका तसाच राहिला.

दोन रात्री आणि दोन दिवस दोघींनी पाळीपाळीनं पाणी बदललं. चार गाडगी आत, चार चुलीशी, एक गार व्हायच्या आत दुसरं जागेवर. चुलीवरचा हंडा उतरू न देण्याचं काम उत्तमरावांकडे होतं, आणि त्या दोन दिवसांत त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. पहिल्या पहाटे गोजरबाईनं मनगट चिंध्यांत घातलं आणि ऊब नीट आहे, असं म्हणाली. वैष्णवीनं बॅटरी लावून बघितलं. एकतीस. "काच शिकून राह्यली हळूहळू," गोजरबाई म्हणाली. दुसऱ्या पहाटे एका गाडग्याला तडा गेला, भुसा ओला झाला आणि दोन पिल्लं गारठून गेली. डीपी बसली, बल्ब लागले, तेव्हा तिच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं मिटायचं राहिलं होतं. करंगळी. पुढचे दहा दिवस ती पाण्याचं भांडं उचलतानासुद्धा ते बोट ताठ ठेवायची.

ते मिटलं नाही.

एकविसाव्या दिवशी सगळ्या जणी टोपली घेऊन आल्या. पिल्लांना पंख फुटले होते, बल्ब निम्मे विझवलेले होते, आणि झरोक्यातून ऊन आत येत होतं. कोकिळा सगळ्यांच्या मागं उभी होती. मोजणी तानाबाईनं केली, दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर तिचा विश्वास बसला नसता. एकशे एक्याण्णव. तिनं पुन्हा मोजली. तेवढीच.

"नऊ गेली," तानाबाई म्हणाली. तिला आनंद करायला फार जागा उरली नव्हती, म्हणून ती होती तेवढ्यात उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी सहा गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. एका दिवसात सहा, म्हणजे भाजलीच असणार. म्हणून म्हणते, हे बल्बाचं अन् वहीचं काम काही खरं नाही. आणि ती वैष्णवीकडे बघून थांबली.

वैष्णवीनं सासूकडे बघितलं नाही. खाली बघून म्हणाली, "हाव. बल्ब लय खाली राह्यले होते माह्याकडून."

खोलीत सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. गोजरबाईनं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि चाळीस वर्षांच्या नावावर एक डाग पडला नसता.

"बोलू नको वं," ती सुनेला म्हणाली. मग बायांकडे वळली. "माह्या सुनेच्या बल्बानं एक बी पिल्लू मेलं नाई. ती सहा माही हायेत. फटी बुजवल्या म्या, गोधडी घातली म्या, शेगडी ठेवली म्या. मेली ती बी माही अन् जगली ती बी माही. माह्या घरात कोनी माह्या वाटनीचं खोटं बोलत नाई."

कोकिळानं पहिल्यांदाच मान वर केली. एवढी मोठी बाई एवढ्या जणींत असं बोलली, तर मग आपण वर्षभर अंगठ्याकडे का बघत होतो, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

वाटणीची वेळ आली. एकीला चोवीस, एकीला तेवीस, असं काहीतरी काढायला बाया बोटं मोजत होत्या. गोजरबाईनं ते थांबवलं. सातही जणींच्या टोपल्यांत तिनं पंचवीस-पंचवीस टाकली. उरली सोळा. नऊ तिच्या दारात मेली होती, ती तिच्याच वाट्यातून गेली. वैष्णवी काही बोलेल असं तिला वाटलं होतं, कारण वाटा सुनेच्या नावावर होता. वैष्णवीनं सोळा पिल्लं कड्यात परत सोडली आणि सासूकडे बघून हसली. ते हसणं गोजरबाईनं दिवसभर जपून ठेवलं, आणि संध्याकाळी उत्तमरावांना सांगितलं की पोरगी शेगावकडची असली तरी घराण्याला शोभते. उत्तमरावांनी ते ऐकलं.

महाशिवरात्र झाल्यावर तानाबाई दारात आली. काखेत खुडुक कोंबडी, पदरात अंडी. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं की दुसरीकडे कुठं कुणाला जमत नाही म्हणून आले, नाहीतर आले नसते. गोजरबाईनं वैष्णवीला हाक मारली, टोपलं तिच्यापुढं सरकवलं आणि स्वतः बाजूला बसली. वैष्णवीनं अंडी उन्हाकडे धरून पाहिली. राख-कुटार पसरलं. खिळा हातात घेऊन क्षणभर थांबली. तिच्या वहीत खिळा नव्हता.

"ठेव, ठेव," गोजरबाई म्हणाली. "तुह्या वहीले सांगू नको."

खिळा टोपल्यात गेला. कोंबडी बसली. तानाबाईनं जाता जाता उंबऱ्यात थांबून, जसं काही आताच आठवलं, तसं सांगितलं की तिची लेक जयमाला बाळंतपणाला माहेरी आली आहे. दिवस भरत आले आहेत. खोली लावून द्यायला गोजरबाई येईल का. गावातल्या खोल्या गोजरबाईच लावून देत आली होती.

गोजरबाई गेली. तानाबाईनं सगळी तयारी करून ठेवली होती. खिडकी गोधडीनं गच्च, कोपऱ्यात शेगडी, दाराला दुहेरी गोणपाट. बाहेर ऊन कातडी सोलत होतं. जयमाला बाजेवर बसली होती. गोजरबाई नुसती उभी राहून तिच्याकडे बघत राहिली. पोरगी बाजेच्या कडेला, भिंतीपाशी सरकून बसली होती. पदर खांद्यावरून ढळलेला, ओठ उघडे.

गोजरबाईनं खिडकीतली गोधडी ओढून काढली आणि तानाबाईच्या हातात दिली.

"अवं, वारं लागन ना तिले," तानाबाई म्हणाली.

"लागू दे जरा," गोजरबाई म्हणाली आणि शेगडी उचलून बाहेर निघाली. "मले इचारू नको. पोरगी कुठं सरकते ते पाह्य, अन् मंग सांग."